फुलोऱ्याची वेळ आणि उत्तरेची ओल

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हॅम्बुर्गला पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि सूर्य मावळतो तो रात्री दहाच्या सुमारास. सतरा तासांचा दिवस. एवढा उजेड मिळाला की गांजाचं झाड जोमात वाढतं. अरुंद पात्यांची पानं, लांब पेरं, वर वर जाणाऱ्या फांद्या. बघताबघता ते माणसाच्या डोक्यावर जातं, पण फुलाचं नाव काढत नाही. कारण त्याच्या लेखी अजून फुलायची वेळच झालेली नसते. ती वेळ येते तेव्हा इथला उन्हाळा सरत आलेला असतो, धुकं उतरू लागतं आणि ओल्या फुलात बुरशी शिरायला टपलेली असते. थंड, ओल्या हवेत 'सटायवा' वळणाचा गांजा पिकवण्याची सगळी अडचण या एका उशिरात आहे.

मी दिंडोरीकडची. घरी द्राक्षबाग आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकले आणि पिकांचे रोग हा माझा पेशा झाला. आता कामानिमित्त जर्मनीत असते. १ एप्रिल २०२४ पासून इथे प्रौढ माणसाला स्वतःपुरती, एका वेळी तीन झाडं घरी लावायची मुभा आहे. घरात ५० ग्रॅमपर्यंत वाळलेली फुलं ठेवता येतात, बाहेर जवळ बाळगता येतात ती २५ ग्रॅम. विकायची नाहीत, शेजाऱ्याला द्यायचीही नाहीत आणि झाडं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवायची. तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक मला बाल्कनीत बोलावून झाडं दाखवतात. मी स्वतः गांजा ओढत नाही. कोवळ्या वयात त्याचा नाद लागला तर मनाचे गंभीर आजार होण्याचा धोका वाढतो, हे मला ठाऊक आहे आणि मी ते दर वेळी सांगतेही. पण रोगानं पिडलेलं झाड समोर आलं की माझं लक्ष झाडाकडेच जातं.

आधी नावाचा घोळ सोडवते. लिनियसनं १७५३ साली या वनस्पतीला 'कॅनाबिस सटायवा' म्हटलं. १७८५ मध्ये लामार्कनं भारतातून आलेल्या झाडांना 'इंडिका' असं वेगळं नाव दिलं. आज बाजारात ही दोन नावं भलत्याच अर्थानं चालतात : उंच, सडपातळ, अरुंद पानांचं आणि उशिरा तयार होणारं ते सटायवा, बुटकं, भरदार, रुंद पानांचं आणि लवकर आटपणारं ते इंडिका. या व्याख्येनं आपल्या केरळातलं उंच झाड सटायवा ठरतं आणि अफगाणिस्तानातलं बुटकं झाड इंडिका! २०२१ मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी बाजारातल्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास मांडला. पाकिटावरचा शिक्का आणि झाडाचं कुळ यांचा मेळ बसत नाही. शिक्का जुळतो तो मुख्यतः वासाच्या काही मोजक्या द्रव्यांशी, असं त्यात दिसलं. म्हणून बियांच्या पाकिटावर 'सटायवा ७० टक्के' असं छापलेलं असलं तरी मी त्याला फार किंमत देत नाही. मी विचारते ते एवढंच : हे फुलायला कधी लागतं, फुलल्यावर किती आठवडे घेतं आणि तुरा सैल असतो की घट्ट?

फुलायला कधी लागतं, या प्रश्नाचं उत्तर मुळात याच झाडानं शास्त्राला दिलं. पॅरिसमध्ये ज्युलियें तूर्नवा नावाचा तरुण संशोधक हॉप आणि हेंप (म्हणजे धाग्यासाठी लावली जाणारी कॅनाबिस) या एकाच कुळातल्या दोन वनस्पतींवर काम करत होता. हिवाळ्यात काचेच्या घरात पेरलेली हेंपची रोपं अगदी लहान असतानाच फुलतात, हे त्याच्या नजरेत आलं. थंडी नाही, खत नाही, दिवसाची लांबी याला कारण आहे, हे त्यानं ताडलं. १९१४ साली तर दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबणं महत्त्वाचं असावं, इथवर तो पोचला. पुढे काही करायला तो उरला नाही. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. १९२० मध्ये अमेरिकी कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून हाच नियम पक्का केला आणि श्रेय त्यांच्याकडे गेलं. मला तूर्नवाबद्दल फार हळहळ वाटते. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव एका ओळीत तरी यायला हवं.

आपल्याकडे शेवंती करणाऱ्यांना हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. रात्र लांबली की शेवंती कळी धरते. धरू द्यायची नसेल तर शेडमध्ये रात्री दिवे लावतात. गांजाचंही तेच. बाल्कनीसमोर रस्त्यावरचा प्रखर दिवा असेल तर झाड गोंधळतं आणि फुलोरा लांबतो.

आता आकडे बघा. नाशिकला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. केरळात इडुक्कीच्या डोंगरात तर वर्षभर दिवस बारा तासांच्या अर्धा-पाऊण तास इकडे किंवा तिकडे. तिथल्या झाडाला थंडी मारून टाकेल ही भीतीच नसते. ते सावकाश फुलतं, बारा-चौदा आठवडे नवीन फुलं काढत राहतं. हॅम्बुर्ग साडेत्रेपन्न अक्षांशावर आहे. इथे दिवस चौदा तासांच्या खाली येतो तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आणि बारा तासांचा होतो सप्टेंबर सरताना. विषुववृत्ताजवळचं बी इथे लावलं तर सप्टेंबरच्या मध्याला कुठे ते फुलायचा विचार करणार. त्यात तीन महिने मिळवा. डिसेंबर येतो. तोवर पहिलं हिव पडून गेलेलं असतं आणि दिवस साडेसात तासांचा उरलेला असतो. असं झाड मी इथे पाहिलेलं आहे : दोन पुरुष उंच, हिरवंगार आणि ऑक्टोबरच्या अखेरीस शेंड्यांना नुसते पांढरे केस. त्याच्या मालकिणीनं सगळा उन्हाळा त्याला बादल्या भरभरून पाणी घातलं होतं.

पावसाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. हॅम्बुर्गला वर्षभरात पाऊस पडतो पावणेआठशे मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत एकट्या जुलैत तेवढा पडतो. मग याला ओला प्रदेश का म्हणायचं? कारण इथे पाणी थोडं पडतं आणि वाळत नाही. ऑक्टोबरात रिपरिप थांबली तरी आभाळ राखाडीच राहतं, ऊन तिरपं आणि अशक्त, वाऱ्यात ओल. घरी अण्णांना फोनवर मी हे सगळं वर्णन करून सांगत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "दव कितीला उठतं गं तिकडं?"

द्राक्षवाल्या माणसाचा हा प्रश्न आहे आणि नेमका हाच विचारायला हवा. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी हा रोग येतो. तेव्हा किती मिलिमीटर झाला हे कुणी विचारत नाही. पान किती तास ओलं राहिलं ते विचारतात. इथे ऑक्टोबरात दव दहा-अकरालाही उठत नाही. कधी कधी दिवसभर उठत नाही.

अशा हवेत करड्या बुरशीचं फावतं. शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. स्ट्रॉबेरी, टोमॅटो, गुलाब, द्राक्ष, काहीही हिला वर्ज्य नाही. फ्रान्समध्ये सोतेर्नला आणि हंगेरीत तोकाईला ठरावीक हवेत ती द्राक्षावर आली तर तिच्यामुळेच जगातल्या सगळ्यात महाग गोड वाइन बनतात. बाकी सगळीकडे ती नुकसान करते. १५ ते २० अंश तापमान तिला सगळ्यात मानवतं, म्हणजे उत्तर युरोपातला सप्टेंबर. हवेत तिचे बीजाणू कायम असतात. काही तास टिकलेली ओल आणि थोडा मेलेला किंवा दुखावलेला भाग मिळाला की ती आत शिरते.

गांजाच्या तुऱ्यात ती कशी येते ते जवळून पाहण्यासारखं आहे. बाहेरून तुरा निरोगी दिसतो, राळेनं चकाकतो, वास घमघमतो. फक्त तुऱ्यातून डोकावणारं एखादंच बारीक पान एका दिवसात पिवळं पडलेलं असतं. ते चिमटीत धरून हलकंच ओढलं की विरोध न करता निघून हातात येतं. निरोगी पान असं कधी येत नाही. मग तुरा दोन बोटांनी उकलायचा : आत देठ तपकिरी आणि मऊ झालेला, त्याभोवतीची फुलं चुरगळलेली. अजून करडी लव दिसत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते. तेव्हा झाडाला धक्का लागला तरी धुरासारखे बीजाणू उडतात आणि बाजूचे तुरे गेले म्हणून समजा. लोक बहुतेक वेळा मला बोलावतात ते या दुसऱ्या दिवशी. असा तुरा वाळवून वापरू नये हे मी कितीदा सांगितलं असेल! बुरशी वाळवल्यानं निघून जात नाही आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, जे आजारपणात औषध म्हणून घेतात, त्यांच्या फुप्फुसाला यातून खरा धोका असतो.

आणि इथेच या झाडाचा पेच आहे. घट्ट, मुठीएवढा तुरा धरणारं अफगाणी वळणाचं झाड कोरड्या डोंगरात घडलेलं. ते सात-नऊ आठवड्यांत आटपतं, म्हणजे उत्तरेच्या वेळापत्रकात बसतं. पण त्याच्या घट्ट तुऱ्यात शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि ते आतून कुजतं. उलट उष्ण, दमट प्रदेशात वाढलेल्या सटायवाचा तुरा सैल, विरळ. वारा आरपार जातो, पाणी निथळतं, बुरशीला बसायला जागा कमी. ओल सोसायची त्याची तयारी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्याच्याकडे नाही तो वेळ. ज्याला ओल चालते त्याला उशीर होतो आणि ज्याला उशीर होत नाही त्याला ओल चालत नाही.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात आणि ऐंशीच्या दशकात नेदरलँड्समध्ये बियाणं करणाऱ्यांनी हा पेच सोडवायला घेतला. कॅलिफोर्नियातलं 'स्कंक नंबर वन' कोलंबियन, मेक्सिकन आणि अफगाणी वाणांच्या संकरातून आलं. पहिले दोन उंच, सैल तुऱ्याचे, तिसरा लवकर येणारा. ते नेदरलँड्सला पोचलं आणि तिथल्या बऱ्याच जातींच्या वंशावळीत शिरलं. ऑस्ट्रेलियातून आलेल्या नेव्हिल स्कुनमेकर्सनं जगभरचं बी गोळा करून विकलं. बेन ड्रोंकर्सनं १९८५ मध्ये 'सेन्सी सीड्स' काढलं आणि १९९३ मध्ये धाग्याच्या हेंपसाठी 'हेंपफ्लॅक्स'. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानकडचं बी लोकांनी मुद्दाम आणलं, कारण ते सटायवा अंगाचं असूनही लवकर फुलतं. विषुववृत्तापासून तीस अंश लांब वाढल्यामुळे ऋतू ओळखायची सवय त्याला आधीपासून होती. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. उंची, आकार, वास काहीही असो, कुठल्या अक्षांशावरचं बी आहे हे पाहून निवड करणं हा खरा पैदासकाराचा डोळा.

दुसरी वाट रशियातून आली. १९२४ मध्ये यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञानं व्होल्गाकाठी रानोमाळ उगवणाऱ्या ठेंगण्या गांजाचं 'रुडेरालिस' म्हणून वर्णन केलं. तिकडचा उन्हाळा इतका आखूड की दिवस लहान होण्याची वाट पाहणाऱ्या झाडाचं बी धरलंच नसतं. त्यामुळे हे झाड दिवस मोजत नाही. ठरावीक वयाचं झालं की फुलतं. या गुणाचा संकर करून आता स्वयंफुलोऱ्याच्या जाती मिळतात. मे महिन्यात पेरलं की ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात काढणी. बुरशीचे दिवस यायच्या आत सगळं उरकलेलं. रोगशास्त्राच्या बाजूनं विचाराल तर बाल्कनीवाल्यांना मी हीच जात सुचवते. पण पूर्ण वाढलेल्या सटायवाचा डौल त्यात नाही, हेही खरं, आणि त्या डौलासाठी जे चार महिने राबतात त्यांना मी नावं ठेवणार नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे आजोबा तसे आहेत. आयुष्यभर बंदरात काम केलं, आता संधिवातानं बोटं आखडलीत. घराला लागून दक्षिणेकडे त्यांचं छोटं अंगण आहे. शहराबाहेर त्यांचा भाड्याचा बागेचा तुकडाही आहे, मोठा, उघडा, वारा खेळता. पण कायद्यात 'घरी' म्हणजे राहत्या जागीच, त्यामुळे तिथे लावता येत नाही. म्हणून अंगणातच कुंड्या. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते. वरच्या बाल्कनीचं छत पाऊस अडवतं. कुंड्या असल्यानं झाडं सरकवता येतात, हाही फायदा. जुलैत ते आतल्या बाजूच्या बारीक फांद्या काढून टाकतात, द्राक्षाची विरळणी करावी तसं. उरलेल्या फांद्या बाहेर ताणून बांधतात, की मधून हात घातला तर पानाला लागू नये. नत्र ऑगस्टपासून बंद, कारण मऊ, लुसलुशीत वाढीवर बुरशी आधी बसते. पाणी सकाळी, फक्त बुंध्याला. सप्टेंबरात रोज सकाळी बुंधा धरून झाड हलवतात. दवाचे थेंब फरशीवर टपटपतात. मग चष्मा लावून एकेक तुरा बघतात, पिवळं पान दिसलं की मला हाक मारतात. लागण झालेली जागा दिसली की तिच्याखाली चार बोटं निरोगी भाग धरून कापायचं, कापलेलं पिशवीत बंद करायचं, कात्री स्पिरिटनं पुसायची. अळी दिसली तर तीही वेचायची, कारण तिनं कुरतडलेल्या जागेतूनच बुरशी आत जाते. फवारणीचं औषध फुलोऱ्यात नको, हे मी त्यांना सांगितलं आहे आणि ते पाळतात.

काढणी कधी करायची याबद्दल आमचे मतभेद होतात. त्यांना राळेचे ठिपके दुधाळ होईपर्यंत थांबायचं असतं, मी हवामानाचा अंदाज बघते. पुढचे पाच दिवस संततधार आणि तापमान पंधराच्या घरात असेल तर थोडं अपुरं असलं तरी कापा, असं माझं मत. बहुतेक वेळा वरचे मोठे तुरे आधी कापायचे आणि खालचे सैल राहू द्यायचे यावर तडजोड होते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. उंच, अरुंद पानांची कॅनाबिस सटायवा या थंड, ओल्या भूमीत शतकानुशतकं सुखानं नांदली आहे, पण धाग्यासाठी. जहाजांना दोर लागत, शिडं लागत. हॅम्बुर्गची रीपरबान आज रात्रीच्या मौजमजेसाठी ओळखली जाते. एकेकाळी तिथल्या लांब सरळ पट्ट्यावर दोर वळणाऱ्यांचे कारखाने होते. धाग्याचं पीक फुलोरा येता येता कापतात, बी पिकायची वाट बघावी लागत नाही. कापलेली ताटं शेतातच पसरून ठेवतात आणि दव, पाऊस, बुरशी मिळून साल सोडवतात. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवतात, इथे दवात कुजवतात. म्हणजे जी ओल फुलाची वैरी, तीच धाग्याच्या कामाची. जर्मनीनं १९८२ मध्ये हेंपच्या शेतीवर बंदी घातली होती आणि १९९६ मध्ये ती उठवली. आता पुन्हा शेतं दिसू लागली आहेत.

भारतात परवान्याशिवाय या झाडाची लागवड हा गुन्हा आहे, एक झाड असलं तरी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मी लिहिलेलं वाचून कुणी कुंडीत बी टाकू नये. पण या झाडाची जाण आपल्याकडे युरोपच्या कितीतरी आधी होती. ब्रिटिश काळात बंगालमध्ये नौगावच्या गांजा महालात सरकारी परवान्यानं शेती चाले. हा भाग आता बांगलादेशात आहे. नर झाडं ओळखून परागकण उडायच्या आत उपटण्यासाठी तिथे 'पोद्दार' नावाचे जाणकार असत. फूल दिसायच्या आधी नर-मादी ओळखणं हा त्यांचा हुन्नर. इंग्रजांनी नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगानं हे सगळं तपशिलानं नोंदवलं आहे. आपल्या नगर जिल्ह्यातही तेव्हा गांजाची शेती होत असे.

आणि थंड हवेतला सटायवा हवा असेल तर तो हिमालयात आधीपासून उभा आहे. कुमाऊं, गढवाल, नेपाळ, हिमाचलातलं मलाणा. पावसाळाभर धुक्यात भिजून वाढणारी, उंच आणि अरुंद पानांची झाडं. त्यांना एकच सवलत मिळते : पाऊस सप्टेंबरात परततो आणि फुलोरा कोरड्या उन्हात पिकतो. कुमाऊंत लोक या बियांची चटणी करतात, सालीचे दोर वळतात. उत्तराखंडानं २०१८ मध्ये औद्योगिक हेंपच्या लागवडीला परवाना दिला, टीएचसी म्हणजे नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असावं या अटीवर. हिमाचल सरकारनंही जानेवारी २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीच्या पथदर्शी अभ्यासाला मान्यता दिली आहे. ०.३ टक्क्यांची अट स्थानिक वाणांना सहज पाळता येत नाही, त्यामुळे युरोपातलं कमी नशेचं बी तिकडे जाणार हे उघड आहे. गांजाचं परागीभवन वाऱ्यानं होतं आणि परागकण मैलोन्‌मैल जातात. दऱ्याखोऱ्यांत शतकानुशतकं थंडी, धुकं आणि बुरशी सोसून टिकलेले वाण त्यात काही वर्षांत मिसळून जातील. नैनिताल जिल्ह्यात भवालीला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र आहे. परदेशी बियांचं पहिलं पोतं डोंगरात उघडायच्या आधी गावोगावचं बी गोळा करून तिथे जपून ठेवलं पाहिजे, आणि ते गोळा करायला कुमाऊंमधल्या म्हाताऱ्या बायकांना बरोबर घेतलं पाहिजे, कारण कुठल्या वाणाचं बी चटणीला आणि कुठल्याचं दोराला, हे त्यांना माहीत असतं.